सुईच्या आधी

मे महिन्यातली सकाळ होती. नऊही वाजले नव्हते, तरी पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यापुढची पत्र्याची शेड तापायला लागली होती. लोखंडी खोड्यात एक काळीपांढरी संकरित गाय उभी होती. डोळे खोल गेलेले, नाकावर एरवी दवासारखा असतो तो ओलावा गायब, मागच्या पायांवर पातळ शेणाचे ओघळ वाळलेले. दावं धरून साठीच्या एक मावशी आणि त्यांना चिकटून सातआठ वर्षांचा नातू.

"काय होतंय?" इंटर्नशिपला असलेल्या मुलीनं विचारलं.

"खात न्हाई," मावशी म्हणाल्या. "एक सुई मारा, म्हंजे लागंल खायला."

मुलीनं थर्मामीटर लावला. शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूनं बोटं दाबून नाडी मोजली. डाव्या भकाळीत मूठ रोवून बराच वेळ थांबली, मग तिथंच स्टेथोस्कोप टेकवला. "ताप नाही, सर. नाडी शंभराच्या वर आहे. पोट हलतच नाही. दाबलं की आत पाणी डचमळतंय."

मागे उभे असलेले प्राध्यापक म्हणाले, "बरोबर. पण आजाराचं नाव एवढ्यात घेऊ नकोस. मावशींशी बोलणं कुठं झालंय अजून?"

कधीपासून खात नाही? काल सांजेपासून. वैरण काय? रोजचीच, कडबा आणि थोडी पेंड. नवीन काही घातलंत? न्हाई बा. सरांनी मान डोलावली आणि नातवाकडे वळले. "काय रे, सुट्टी लागली ना? घरी पाहुणे आलेत का?"

"आत्याचं लगीन झालं की परवा!"

"अरे वा. मग बुंदी खाल्लीस का नाही?"

"खाल्ली. गाईनं बी खाल्ली. भात बी खाल्ला."

मावशींनी नजर खाली घातली. "टाकून द्यायचं जिवावर आलं, डॉक्टर. दोन घमेली भात उरला हुता. आन् काय म्हणून सांगावं..."

पुढची दहा मिनिटं धावपळीची होती. तोंडातून नळी घालून पोटातलं पाणी काढलं. आंबट वास शेडभर पसरला. लिटमसचा कागद त्यात बुडवला, तो लालभडक झाला. गाईच्या कोठीपोटात कोट्यवधी जंतू चारा आंबवत असतात, त्यांच्यावरच तिचं पोट चालतं. भात, चपात्या, बुंदी असं पिठूळ अन्न एकदम ढिगानं पडलं की तिथं आम्ल करणारे जंतू माजतात आणि बाकीचे मरतात. आम्ल वाढलं की रक्तातलं पाणी पोटात ओढलं जातं. म्हणून डोळे खोल, म्हणून नाडी वेगात, म्हणून शेण पातळ. लग्नसराईत हा आजार ठरलेला. खायचा सोडा, सलाईन सुरू झालं, आणि दुपारी गाईला उभ्यानंच, डावी कूस बधिर करून, पोट उघडून भात उपसून काढला. बादलीभर निघाला.

निदान झालं होतं ते बुंदीच्या प्रश्नावर. लिटमसनं खाली सही केली, इतकंच.

गुरांच्या डॉक्टरला दुखणं कळतं तरी कसं, एवढा एकच प्रश्न घेऊन मी त्या दवाखान्यात गेलो होतो. पहिल्याच तासात निम्मं उत्तर मिळालं. उरलेलं निम्मं मात्र सुमारे दीडशे वर्षं मागं जाऊन शोधावं लागलं.

ट्रामचे घोडे आणि परळचा दवाखाना

१८७४ साली मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. त्याच वर्षी जनावरांच्या छळाला आळा घालण्यासाठी मुंबईत संस्था स्थापन झाली. बैल, घोडे यांच्या पाठीवर शहर चाललेलं, आणि ते रस्त्यात कोसळले तर न्यायचे कुठं हा प्रश्न होता. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं. त्याला त्यांच्या पत्नीचं, बाई साकरबाईंचं नाव दिलं गेलं. इस्पितळाला लागूनच १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आज केईएम, टाटा, वाडिया अशा माणसांच्या इस्पितळांच्या गर्दीत हे आवार आहे. शेजारून रोज जाणाऱ्या कित्येकांना त्याची खबर नसते.

महाविद्यालयाचे पहिले प्रमुख जॉन हेन्री स्टील. त्यांचं नाव आणखी एका गोष्टीशी जोडलेलं आहे. १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथं लष्कराचे घोडे आणि उंट झिजून मरत होते. लोक त्या आजाराला सर्रा म्हणत. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यानं आजारी घोड्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यात वळवळणारा जीव पाहिला. हाच आजाराचं कारण, असं त्यांनी सांगितलं. त्या काळच्या जाणत्यांना ते पटलं नाही, रक्तात असले जीव निरुपद्रवी असतात असं त्यांचं म्हणणं. स्टील यांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशात खेचरांमधल्या अशाच रोगाचा तपास केला आणि त्या जीवाला इव्हान्स यांचं नाव दिलं. ते आजही टिकून आहे, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. पावसाळ्यात चावऱ्या माशा वाढल्या की सर्रा आजही येतो. इव्हान्स यांनी पाहिला तसाच रक्ताचा थेंब आजचा विद्यार्थी कानाच्या शिरेतून घेतो आणि काचपट्टीवर पसरतो.

पुण्याचाही यात वाटा आहे. १८८९ मध्ये जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी देशातली पहिली सरकारी प्रयोगशाळा पुण्यात निघाली. चार वर्षांनी ती हिमालयातल्या मुक्तेश्वरला हलवली गेली. आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचं मूळ तेच. तिथल्या लशींनी ज्या रोगाशी दीर्घ लढाई दिली त्याला आपल्याकडे बुळकांडी म्हणत. ती आली की दावणच्या दावण रिकामी होई. २०११ साली जगातून बुळकांडी संपल्याचं जाहीर झालं. माणसांमधल्या देवीनंतर असा शेवट झालेला हा दुसराच रोग.

नाडी कुठं पाहायची

आज नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथं महाविद्यालयं आहेत. बारावीला जीवशास्त्र, मग नीट, आणि साडेपाच वर्षांची बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच. त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. एमबीबीएसलाही एवढाच काळ लागतो. फरक असा, की तिथं एकच प्राणी शिकायचा असतो.

इथं गाईची नाडी शेपटीखाली, घोड्याची जबड्याच्या कडेला, कुत्र्याची मांडीच्या आतल्या बाजूला. गाईला चार कप्प्यांचं पोट. घोड्याला एकच, आणि त्याला ओकता येत नाही, म्हणून साधी पोटदुखीही त्याचा जीव घेऊ शकते. कोंबडीचं नेहमीचं तापमान माणसाला असेल तर घरचे त्याला इस्पितळात घेऊन धावतील. आपण तापावर सहज घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष ठरते. घोडा मागे लाथ मारतो. गाय पाय पुढे घेऊन बाजूला फिरवते, त्यामुळे "मी तर बाजूला उभा होतो" म्हणणाऱ्यांच्याच नडग्या फुटतात.

नीटच्या गुणांवर आलेल्या अनेक मुलामुलींनी गाय पाहिलेली असते ती रस्त्यावर. पहिल्या वर्षी त्यांना शरीररचना शिकवतात आणि त्यासोबत जनावरापाशी जायचं कसं तेही शिकवतात. आधी आवाज द्यायचा, मग हात लावायचा, घाई करायची नाही. हे पुस्तकात अर्ध्या पानात आटपतं, गोठ्यात त्याला दोन वर्षं लागतात. एका मुलीनं मला सांगितलं, "सर म्हणतात, पहिली पाच मिनिटं हात खिशात ठेवा. नुसतं बघा."

बघायचं काय? गाय कळपाबरोबर उभी आहे की कोपऱ्यात. कान कुठल्या दिशेला. पाठ सरळ की कमान. रवंथ चालू आहे का. शेण टाकताना कण्हते का. कुशीकडे वळून पाहते का, पोटाकडे लाथ झाडते का. भक्ष्य असलेला प्राणी दुखणं लपवतो, कारण कळपात लंगडणाऱ्यावर वाघाची नजर आधी जाते. हजारो वर्षं दावणीला बांधूनही ती सवय मोडलेली नाही. अनोळखी माणूस जवळ गेला की आजारी गायही क्षणभर कान टवकारते. म्हणून लांबून पाहिलेलं खरं.

मग हात. डाव्या भकाळीत मूठ ठेवली की निरोगी गाईचं कोठीपोट मिनिटाला एक ते दोनदा मुठीला वर उचलतं. कान बर्फासारखे गार, मान मुरडून कुशीला टेकलेली, काल-परवाच व्यालेली आणि उठत नाही, तर रक्तातलं कॅल्शियम घसरलं, दुग्धज्वर. नाव ज्वराचं, अंग मात्र गार. चिकासाठी रक्तातून कॅल्शियम कासेकडे धावतं आणि स्नायूंना काही उरत नाही. शिरेतून कॅल्शियम दिलं की तासाभरापूर्वी मेल्यासारखी पडलेली गाय उठून शेण टाकते आणि वासराला चाटायला लागते. गावात याला चमत्कार म्हणतात. पण तीच बाटली भराभर सोडली तर हृदय बंद पडतं. बाटली धरणारा एक आणि हृदयावर स्टेथोस्कोप ठेवून बसलेला दुसरा, अशी जोडी विद्यार्थ्यांना शिकवतात.

तारेचा तुकडा

या लेखाला हात घातला त्याला एक जुनं कारण आहे. आमच्या घरी कपिली नावाची गाय होती. मी सहावीत असताना ती चाऱ्यावरून तोंड फिरवायला लागली. सात महिन्यांची गाभण. गावात सायकलवरून फिरणारे एकजण येत, त्यांनी सुई दिली. दोन दिवस बरं, पुन्हा तेच. पुन्हा सुई. असे बारा दिवस गेले. शेवटी तालुक्याहून एक वयस्कर डॉक्टर आले. त्यांनी पेटी उघडलीच नाही. गोठ्याच्या दारात उभं राहून पाहत राहिले. मग वडिलांना म्हणाले, "हिला जरा त्या उताराकडं चालवा."

कपिली उतरेना. पुढचे कोपर बाहेर काढून, पाठ उचलून उभी राहिली. डॉक्टरांनी वशिंडामागची कातडी दोन्ही हातांनी चिमटीत धरली. निरोगी गाय अशा वेळी पाठ खाली दबवते, कपिली ताठच राहिली आणि कण्हली. मानेची शीर दोरखंडासारखी फुगलेली, छातीखालच्या पोळीत पाणी साठलेलं. छातीला नळी लावून त्यांनी माझ्या कानाला दिली. आत अर्धी भरलेली घागर हिंदकळत होती.

"दहा दिवस आधी बोलावलं असतंत तर," एवढंच ते म्हणाले.

गाय घास नीट चावत नाही. आधी गिळते, मग निवांत रवंथ करते. चाऱ्यात तार, खिळा आला तर तोही पोटात जातो आणि जाळीपोटात पडून राहतो. पोट आकसलं की टोक रुततं. पुढे हृदय, मध्ये पातळसा पडदा आणि काही सेंटिमीटर अंतर. गाभणपणात वासराचा भार वाढतो आणि तार पुढे सरकते. वेळीच ओळखलं तर पोटात लोहचुंबक सोडून तार जागेवर धरता येते, किंवा पोट उघडून काढता येते. हृदयाच्या आवरणापर्यंत ती पोहोचली की फारसं काही हातात राहत नाही. कपिली तिसऱ्या दिवशी गेली. डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं तेव्हा दोन इंचांची गंजकी तार निघाली. खराटा बांधतात तसली. आमच्याच अंगणातली.

बारा दिवसांच्या सुयांनी काय केलं, तेही त्यांनी समजावलं. वेदनाशामकानं दुखणं झाकलं. तेवढ्या दिवसांत तार चालत राहिली.

सारख्या दिसणाऱ्या रोगांचं काय

काही रोग अंगावर नाव लिहून येतात. २०२२ मध्ये लम्पी पसरला तेव्हा कातडीवरच्या गाठी पाहून शाळकरी पोरंही नाव सांगत. लाळ गळतेय, तोंडात फोड, खुरांच्या बेचक्यात जखम, म्हणजे लाळ्या खुरकूत. पण बरेचसे रोग एकमेकांचे कपडे घालून येतात. ताप आणि घशाला सूज घटसर्पात असते. अचानक मृत्यू घटसर्पातही, फऱ्यातही, काळपुळीतही. पैकी काळपुळीची, जिला गावाकडे फाशी म्हणतात, शंका असेल तर मृत जनावराला चाकू लावायचा नाही हा पहिला नियम. नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त, मेल्यावरही न ताठलेलं अंग, ही खूण दिसली की कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन थांबायचं. कापलं तर हवा लागून जंतू बीजरूप धारण करतात आणि ती माती वर्षानुवर्षं रोग साठवून ठेवते. मरण कशानं आलं हे शोधण्याची उतावीळ तिथं पुढच्या मरणाची पेरणी करते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात २००६ च्या फेब्रुवारीत कोंबड्या मरायला लागल्या तेव्हा पोल्ट्रीवाल्यांना तो नेहमीचा रानीखेत वाटला. लक्षणं तशीच होती. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि देशातला पहिला बर्ड फ्लू निश्चित झाला. डोळा आणि हात यांची हद्द इथं संपते. तिथून पुढे काचपट्टी, कल्चर, पीसीआर. चांगला डॉक्टर हद्द कुठं संपते ते ओळखतो आणि नमुना बर्फात घालून वेळेत पाठवतो. कुजलेल्या नमुन्यातून प्रयोगशाळा उत्तर काढू शकत नाही.

गिधाडांचं शवविच्छेदन

बुंदीचा प्रश्न किती लांब पोहोचू शकतो, याचं उदाहरण आभाळातलं आहे. नव्वदच्या दशकात भारतीय उपखंडातली गिधाडं भराभर संपली. विषाणू असेल, कीटकनाशक असेल, अशा शंका घेऊन संशोधक लागले. पाकिस्तानातल्या पंजाबात मेलेली गिधाडं उघडली तेव्हा आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसला. युरिक आम्ल साठलेलं, म्हणजे मूत्रपिंडं निकामी. नेहमीच्या विषांच्या तपासण्या कोऱ्या आल्या. तेव्हा लिंडसे ओक्स या पशुवैद्याच्या चमूनं प्रयोगशाळेबाहेर येऊन प्रश्न विचारला: ही गिधाडं मेलेली गुरं खातात, तर त्या गुरांना मरण्याआधी काय दिलं होतं? औषध दुकानदारांना, गुरांच्या डॉक्टरांना विचारलं. उत्तर आलं, डायक्लोफेनॅक. स्वस्त वेदनाशामक, जिथं तिथं टोचलं जाणारं. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना न मारणारा पर्याय उपलब्ध होता.

दुखण्याचं कारण न शोधता दुखणं दाबणारी सुई कपिलीच्या पोटातली तार झाकते, आणि आभाळ रिकामं करते. प्रतिजैविकांचंही तसंच. सुई दिल्यावर ठरलेले दिवस दूध बाजूला काढायचं असतं. तसं न करता डेअरीत घातलं तर घरोघरी विरजण लागत नाही, दुधाचं दही होत नाही. गृहिणी दूधवाल्याला बोल लावते. खरं कारण चार दिवसांपूर्वीच्या कासदाहाच्या इंजेक्शनात असतं.

पैसे कशाचे

मग सुईच का चालते? कारण आपण पैसे तिचेच देतो. डॉक्टरनं अर्धा तास तपासून "औषध नको, दोन दिवस पेंड बंद करा आणि सुका चारा द्या" असं सांगितलं, तर आपल्याला फसल्यासारखं वाटतं. त्यानं काही न बघता तीन बाटल्या रिकाम्या केल्या, तर तो हुशार. त्या दवाखान्यातले प्राध्यापक हसत म्हणाले, "आम्ही साडेपाच वर्षं मुलांना बघायला शिकवतो. गाव त्यांना सहा महिन्यांत टोचायला शिकवतं."

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. राष्ट्रीय कृषी आयोगानं १९७६ मध्येच सांगितलं होतं की सुमारे पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्य हवा. २०१९ च्या पशुगणनेत एकट्या महाराष्ट्रात ३ कोटी ३० लाखांच्या आसपास पशुधन आहे. यात कोंबड्या धरलेल्या नाहीत. तालुक्याच्या एका डॉक्टरकडे लसीकरण, कृत्रिम रेतन, दाखले, शवविच्छेदन, पंचनामे, योजनांची कागदपत्रं. त्यात पाच मिनिटं खिशात हात घालून उभं राहणं ही चैन ठरते. १९६२ या क्रमांकावर फोन केल्यावर येणारी फिरती पथकं सुरू झाली, हे चांगलं झालं. पण एका लाख जनावरांमागे एक गाडी हा त्यांचा हिशोब आहे, आणि गाडी पोहोचली तरी तपासायला वेळ देणारा माणूसच लागतो.

म्हणून मला वाटतं, निदानाचा पहिला भाग आता गोठ्यातच व्हायला हवा. औषध देणं आपलं काम नाही, ते डॉक्टरचं. पण पाहणं आणि खरं सांगणं आपलं. डॉक्टरला फोन करण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा: शेवटचं रवंथ कधी पाहिलं, शेण आणि लघवी कशी आहे, वेत कितवं आणि व्याली कधी किंवा गाभण किती महिन्यांची, आणि गेल्या तीन दिवसांत चाऱ्यात काय बदललं. लग्नाचा भात घातला असेल तर तोही लिहा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, लपवण्यात मात्र गाय जाते. आधी कोणी सुई दिली असेल तर रिकामी बाटली जपून ठेवा आणि दाखवा. डॉक्टरनं नुसतं तपासलं आणि काही टोचलं नाही, तरी त्याची फी आनंदानं द्या.

आणि एक साधा थर्मामीटर गोठ्यात ठेवा. घरच्या मुलांचा नको, गुरांचा वेगळा. गाईचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. एवढं गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा.